घरचे शिवण : होजिअरीचा टॉप आणि ओव्हरलॉकचे यंत्र

मागील लेखात आपण सुती परकर बेतण्याचा विचार केला होता. त्या कापडाचा मोठा गुण असा की ते सांगितलेले ऐकते. जेथे कापावे तेथे कापले जाते, जेथे दुमडावे तेथे दुमडलेले राहते. आज ज्या कापडाविषयी लिहावयाचे आहे त्याचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. ते हातात घेताच लांबते, मेजावर पसरताच कडांना गुंडाळी घेते आणि सुईखाली गेले की मन मानेल तिकडे सरकते. बनियनचे कापड, गंजीफ्रॉकचे कापड, टी-शर्टचे कापड, जर्सी अशी त्याची अनेक नावे आहेत. दुकानात ‘होजिअरी’ म्हटले की बहुधा तेच समोर येते. ‘हे कापड घरी शिवताच येत नाही, ते कारखान्याचेच काम’ अशा आशयाची पत्रे या सदराकडे पुष्कळ येतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझेही मत असेच होते.

ते बदलण्यास एक घरगुती कारण घडले. माझ्या सासूबाईंचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी सांगितले की हा ‘गोठलेला खांदा’ आहे, व्यायामाने सुटेल, पण महिने जातील. हात छातीच्या वर उचलेना, पाठीमागे तर जाईचना. साडीचे एक वेळ निभावले असते. परंतु पोलक्याच्या अरुंद बाहीत हात घालणे हे रोजचे मरण होऊन बसले. रोज सकाळी कोणीतरी पोलके अंगात चढवून द्यावे लागे, आणि ज्या बाईने आयुष्यभर सगळ्या घराला न्हाऊ-माखू घातले तिला या मदतीचे दुःख खांद्याच्या दुखण्याहून अधिक होई. बाजारात तयार टॉप मिळत होते. पण कोणाचा गळा अरुंद, कोणाची बाही आवळ, आणि जो मापाला बसे त्याच्या छातीवर इंग्रजी अक्षरांची रांग! तेव्हा मी होजिअरीचे कापड आणले आणि घरच्या पायमशीनवर, नेहमीच्या सरळ टिपेने, एक टॉप शिवला. दिसण्यात तो उत्तम होता. सासूबाईंनी दुखरा हात बाहीत घातला, कापड ताणले गेले आणि काखेपासून कोपरापर्यंत टीप तटतट तुटली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, कापड वाट द्यायला तयार आहे, तुझा दोराच अडून बसला.”

निदान अगदी अचूक होते. होजिअरीच्या शिवणकामाचे सगळे मर्म त्या एका वाक्यात आले आहे, म्हणून प्रथम तेच नीट समजून घेऊ.

मागावरचे कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांचे असते. ताणा सरळ, बाणा सरळ. त्यामुळे ते तिरपे धरल्याखेरीज फारसे ताणत नाही. होजिअरीच्या कापडात मात्र सरळ धागा नसतोच. लोकरीचा स्वेटर विणणाऱ्या भगिनींना हे समजावण्याची गरज नाही. एका फासातून दुसरा फास ओढलेला असतो, आणि कापड ओढले की प्रत्येक फास आपला आकार बदलून लांबतो, सोडले की परत येतो. बनियनच्या कापडाची सुलट बाजू भिंगाखाली पाहिली तर स्वेटरच्या सुलट टाक्यांच्या उभ्या साखळ्या दिसतील, उलट बाजूस उलट टाक्यांच्या आडव्या लाटा दिसतील. गळ्याला लावतात ती ‘रिब’ पट्टी म्हणजे आपले एक सुलट एक उलटच. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे पहिले यंत्र केले. त्याने बोटांचे हेच काम यंत्राला दिले. आता पुष्कळ कापडांत सुताबरोबर थोडा स्पॅन्डेक्सचा तंतूही असतो. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तो तयार केला. फासामुळे कापड लांबते, आणि या तंतूमुळे ते झटकन मूळ मापावर येते.

अशा कापडावर सरळ टीप घातली म्हणजे काय होते? टिपेतला दोरा आधीच ताणून बसलेला असतो. त्याला लांबायला शिल्लक नसते. कापड सव्वापट होते, दोरा होत नाही, आणि तुटतो. म्हणून टीप अशी हवी की जिच्यात दोऱ्याची थोडी शिल्लक वळणावळणांनी साठवलेली आहे. ओव्हरलॉकच्या यंत्राचे कौशल्य हेच. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मेरो कुटुंबाची विणकामाची गिरणी होती. विणलेल्या कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून तेथे यंत्रांचे प्रयोग चालत, आणि १८८१ मध्ये तेथेच ओव्हरलॉकचे पहिले यंत्र तयार झाले. पुढे बराच काळ ते कारखान्यातच राहिले. घरात मेजावर ठेवता येईल असे लहान रूप त्याला १९६० च्या दशकात जपानमध्ये मिळाले. अमेरिकेत त्यालाच ‘सर्जर’ म्हणतात. आपल्याकडे गल्लोगल्ली ‘पिको, फॉल, इंटरलॉक’ अशी पाटी दिसते, त्यातले इंटरलॉक म्हणजे हेच काम. गंमत अशी की इंटरलॉक हे एका जाड होजिअरी कापडाचेही नाव आहे. तेव्हा दुकानात ‘इंटरलॉक दाखवा’ म्हटल्यावर यंत्र येईल की कापड, हे दुकान पाहून ठरवावे!

यंत्र उघडून पाहिले की पहिल्या भेटीत छाती दडपते. बॉबिन नाही, शटल नाही. त्याऐवजी चार दोऱ्यांचे चार कोन मागे उभे. दोन दोरे दोन सुयांत जातात. उरलेले दोन ‘लूपर’ नावाच्या दोन वाकड्या पोलादी बोटांत जातात. एक लूपर कापडाच्या वरून येतो, दुसरा खालून, आणि दोघे मिळून कापडाच्या कडेभोवती दोऱ्याचे जाळे विणतात. सुया ते जाळे जागच्या जागी टाचून ठेवतात. त्याच वेळी सुईच्या किंचित पुढे असलेली सुरी कडेचे जास्तीचे कापड कापून टाकते. शिवणे, कापणे आणि कड बांधणे ही तिन्ही कामे एका धावेत, आणि तीही मिनिटाला हजाराहून अधिक टाक्यांच्या वेगाने. सवय झाल्यावर हा वेग सोयीचा वाटतो. पहिल्या आठवड्यात पाय पेडलवर पिसासारखा ठेवावा.

त्या सुरीविषयी दोन शब्द अधिक. साध्या यंत्रावर चुकलेली टीप उसवता येते. येथे दोरा उसवता येईल, पण कापलेले कापड परत येत नाही. म्हणून सुरीने कडेची जेमतेम रेघ, फार तर आठवा भाग इंच, खरवडून जावी एवढेच तिला द्यावे. टाचण्या तर मुळीच लावू नयेत. टाचणी सुरीखाली आली तर पाते खचते आणि तुकडा डोळ्यापर्यंत उडू शकतो. मी कपडे वाळत घालण्याचे लहान चिमटे लावते आणि सुरीजवळ येण्याआधी एकेक काढत जाते. दोरा ओवताना यंत्राची पिन भिंतीतून काढलेली असावी, हे मुलांच्या घरात तर विशेष.

ओवण्याचा क्रम ही या यंत्राची खरी परीक्षा. प्रथम वरचा लूपर, मग खालचा लूपर, आणि सर्वांत शेवटी सुया. खालच्या लूपरचा दोरा मध्येच तुटला, तर पुष्कळ जणी तेवढाच ओवून पुढे जातात आणि तो दोन इंचांवर पुन्हा तुटतो. कारण सुयांचे दोरे त्याच्या वाटेवर आडवे पडलेले असतात. दोन्ही सुया रिकाम्या कराव्या, लूपर ओवावा, सुया पुन्हा ओवाव्या, तक्रार मिटते. माझे दोन दिवस या एका गोष्टीत गेले, म्हणून हे इतके आग्रहाने लिहीत आहे. रंग बदलावयाचा असेल तर सगळे नव्याने ओवण्याची गरज नाही. जुना दोरा कोनाजवळ कापून त्याला नवा गाठीने जोडावा आणि हलके ओढून घ्यावा. सुईच्या नेढ्यातून मात्र गाठ जात नाही. तेथे गाठ येताच कापून हाताने ओवावे.

शिकताना चारही दोरे चार रंगांचे घ्यावे. मग कोणता दोरा सैल आणि कोणता आवळ हे चिंधीवर डोळ्यांनी दिसते. वरचा आणि खालचा लूपर यांचे फास बरोबर कापडाच्या धारेवर भेटले पाहिजेत. वरच्याचा रंग खालच्या बाजूस उतरला असेल तर वरचा दोरा थोडा आवळावा किंवा खालचा सैल करावा. उलट असेल तर उलट. शिवण दोन्ही हातांनी उघडून पाहावी. मध्ये शिडीसारखे दोरे दिसले तर सुईचा दोरा ढिला आहे. एका वेळी एकच चकती फिरवावी आणि लगेच चिंधीवर पाहावे. चारही चकत्या एकदम फिरवणारीला पुढचा मार्ग सापडत नाही.

आता जे यंत्र घेऊ शकत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. एका टॉपसाठी एवढा खर्च करावा असे मी सुचवणार नाही. ज्या घरात मुले वाढती आहेत आणि शिवणाची आवड आहे तेथे तो खर्च फिटतो. एरवी चार शेजारणींनी किंवा बचत गटाने मिळून एक यंत्र घेणे अधिक शहाणपणाचे. शिवणयंत्रावर झिगझॅगची सोय असेल तर टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर आणि रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर ठेवून शिवलेली अरुंद नागमोडी टीपही चांगली ताणते. आणि केवळ जुने पायमशीन असेल तर? तर शिवण हाताने, लहान लहान उलट्या टिपेने घालावी आणि कडा पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉक करून आणाव्या. वेळ लागतो, पण माझ्या पहिल्या टॉपसारखी फजिती होत नाही.

कापड घेताना ते हातात घेऊन पाहिल्यावाचून घेऊ नये. आडव्या दिशेने चार इंच कापड चिमटीत धरून ओढावे. पाच इंच झाले तर ताण शेकडा २५, सहा झाले तर शेकडा ५०. आपल्या कामाला याच्या दरम्यानचे कोणतेही चालेल. परंतु ताणापेक्षा परतणे महत्त्वाचे. सोडल्यावर ते पुन्हा चार इंचांवर आले नाही तर त्या कापडाचा टॉप चार धुण्यांत गुडघ्याशी पोचेल. जाडी चौरस मीटरच्या वजनावर सांगतात. नेहमीच्या टी-शर्टचे कापड सुमारे १६० ते १८० ग्रॅमचे असते, आणि नवशिक्या हाताला १८० चे बरे. त्याहून पातळ घेतले तर ते सुरीपुढे चुरगळते. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे या सुती होजिअरीचे आपले मोठे गाव. तेथे हे कापड मीटरने नव्हे, किलोने विकतात. त्या भागात राहणाऱ्या किंवा जाण्याचा योग असणाऱ्या भगिनींनी बाजारात चक्कर टाकावी. लुधियाना लोकरीच्या होजिअरीसाठी प्रसिद्ध आहे, पण ती वाट आजच्या विषयाची नव्हे.

आणलेले कापड कापण्यापूर्वी धुवावे. सुती होजिअरी पहिल्या पाण्यात उंचीला विशेष आटते, आणि शिवलेला टॉप आटला तर दोष शिवणारीच्या माथी येतो. धुतल्यावर दोरीवर लोंबकळत न ठेवता चादरीवर पसरून वाळवावे. ओल्या कापडाचे वजनच त्याला लांबवते. सुलट बाजू ओळखू येत नसेल तर कापलेली आडवी कड थोडी ओढावी. ती ज्या बाजूकडे गुंडाळी घेते ती सुलट बाजू.

बेताविषयी मी बराच विचार केला. मुंढा, बाहीचा गोल, त्यांची जुळवणी हे सगळे येथेही करता येते. पण आपल्याला हवा होता सहज अंगात जाणारा कपडा. म्हणून मग्यार बाहीचा बेत घेतला. यात बाही वेगळी नसते. पुढचा भाग आणि त्याच्या दोन्ही बाह्या मिळून एकच तुकडा, पाठीचा तसाच दुसरा, आणि गळ्याची पट्टी. मुंढ्याची शिवण नसल्याने ती आखडलेल्या खांद्याला टोचतही नाही. साध्या सुती कापडात मग्यार बाही केली तर हात उचलताना काखेत ओढ बसते आणि तेथे चौकोनी तुकडा जोडावा लागतो. होजिअरी स्वतःच ताणत असल्याने त्याची गरज पडत नाही.

छाती ३८ इंच धरून माप सांगते. आपापल्या मापाने ते बदलून घ्यावे. कागद मधोमध दुमडलेला समजून अर्धा बेत काढावा. छातीचा चौथा भाग साडेनऊ, सैलपणासाठी एक इंच, शिवणीसाठी पाव इंच, म्हणजे मध्यापासून बगलेपर्यंत पावणेअकरा इंच. खांद्याच्या उंचीपासून काख दहा इंच खाली. निरोगी खांद्यासाठी नऊ पुरे झाले असते. मध्यापासून बाहीच्या टोकापर्यंत सोळा इंच, आणि खांद्याची रेघ टोकाकडे दोन इंच उतरती. बाहीचे तोंड साडेसात इंच. काखेत कोपरा न ठेवता मोठी, सावकाश वळणारी गोलाई द्यावी; तेथे जितकी घाई तितकी सुरकुती. उंची दुमडीसह २७ इंच. गळा मध्यापासून चार इंच रुंद, पुढे चार इंच खोल, मागे दीड. साठ इंच पन्ह्याचे कापड पावणेदोन मीटर घेतले म्हणजे आटूनही दोन्ही भाग एकाखाली एक बसतात आणि पट्टीला व चिंध्यांना पुरेसे उरते. अधिक ताण अंगाच्या आडव्या दिशेने आला पाहिजे, याकडे लक्ष असावे. कापताना कापडाचा एकही भाग मेजावरून खाली लोंबू देऊ नये.

गळ्याची पट्टी हा टॉपचा चेहरा. ती गळ्याएवढी कापली तर गळा बाहेर लवतो आणि कपडा घातल्यापासून जुना दिसतो. गळ्याचा घेर टेप उभी धरून मोजावा आणि त्याच्या शेकडा ८५ लांबीची पट्टी कापावी. घेर २२ इंच आला तर पट्टी पावणेएकोणीस. रिब कापड असेल तर आणखी थोडी कमी. रुंदी दोन इंच. दुमडून एक इंच, शिवण जाऊन पाऊण इंच बाहेर दिसते. शिवण्यापूर्वी पट्टी हाताने ताणून ती डोक्याच्या घेराएवढी सहज होते ना, हे पाहावे. हे पाहावयास मी एकदा विसरले होते. तो टॉप अखेर शेजारच्या मुलीला दिला.

यंत्रात होजिअरीसाठी बोथट टोकाची सुई घालावी. ती धागा भोसकत नाही, फासांच्या मधून वाट काढते. साधी टोकदार सुई घातली तर शिवणीलगत बारीक भोके पडतात, आणि धुण्यात ती वाढत जातात. टाक्याची लांबी अडीच ते तीन मिलिमीटर. याशिवाय घरगुती ओव्हरलॉकमध्ये एक सोय असते, जिचे महत्त्व मला फार उशिरा कळले. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या येथे पुढे आणि मागे अशा दोन ओळी असतात, आणि त्यांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो. खूण एकवर असेल तर दोन्ही सारख्या चालतात. दीडवर नेली तर पुढचे दाते मागच्यांपेक्षा अधिक कापड आत ढकलतात आणि शिवण ताणली जात नाही. होजिअरीची शिवण पापडाच्या कडेसारखी लाटा घेत असेल तर हातांनी ओढाताण न करता ही खूण थोडी वाढवावी. मला सव्वा ते दीड यांच्या दरम्यान ठीक सापडते. एकाखाली नेली तर मुद्दाम लाटा पडतात. मुलींच्या फ्रॉकच्या कडेला ते शोभते, आपल्याला नको.

शिवण्याचा क्रम असा ठेवावा. सुलट बाजू आत करून उजव्या खांद्याची लांब शिवण गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत घालावी. तिच्यात गळ्यापासून पाच-सहा इंच सुती फीत कापडाबरोबर शिवून घ्यावी, म्हणजे टॉपच्या वजनाने खांदा लांबत नाही. जी जागा ताणली जाऊ नये तेथे न ताणणारे काहीतरी असलेच पाहिजे. आता गळा उघडा आहे तोच पट्टी लावावी. पट्टी दुमडून तिचे आणि गळ्याचे चार-चार समान भाग खडूने खुणावे, खुणेला खूण जुळवून चिमटे लावावे, आणि पट्टी वर ठेवून फक्त पट्टीच ताणत शिवावे. गळा ओढायचा नाही, त्याने आपल्या जागी शांत पडून राहावयाचे. मग डाव्या खांद्याची शिवण पट्टीच्या धारेपासून सुरू करून बाहीपर्यंत न्यावी. बाहीची तोंडे पसरलेली असतानाच दुमडून घ्यावी आणि शेवटी बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत एकेक बगल एका धावेत शिवावी. काखेच्या वळणावर यंत्र थांबवून, सुई खाली ठेवून, पुढची कड हाताने सरळ करून घ्यावी. वळण सुरीपुढे सरळ रेघ होऊन आले पाहिजे. प्रत्येक शिवणीच्या शेवटी यंत्र दोऱ्याची साखळी काढते. ती कडेला छाटू नये, उसवते. जाड सुईत ओवून शिवणीच्या जाळ्यात इंचभर आत सरकवावी.

बाह्यांच्या आणि खालच्या दुमडीसाठी कारखान्यात ‘फ्लॅटलॉक’ नावाचे वेगळे यंत्र असते. घरी झिगझॅगचे यंत्र असल्यास त्यात जोड सुई बसवावी. वरून दोन समांतर टिपा दिसतात आणि खालचा एकच दोरा नागमोडी जाऊन ताण सोसतो. मी मात्र सासूबाईंचा टॉप हातानेच, हेरिंगबोन टाक्याने दुमडला. तो टाका तिरपा जात असल्याने ताणतो, दिसतही नाही, आणि दुपारच्या रेडिओबरोबर दोन बैठकींत संपतो. शेवटी सगळ्या शिवणींवर वाफेची इस्त्री ठेवून उचलावी; घासू नये. थोड्या राहिलेल्या लाटा वाफेने बसतात.

घालण्याची रीतही सांगून ठेवते, कारण ज्यांच्या घरी आखडलेला खांदा किंवा अर्धांगाने दुबळा झालेला हात आहे त्यांना ती उपयोगी पडेल. दुखरा हात प्रथम बाहीत घालावा, मग डोके, मग चांगला हात. काढताना उलट: चांगला हात आधी मोकळा करावा, दुखरा सर्वांत शेवटी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हे दाखवले, आणि मग्यार बाहीची खरी किंमत तेव्हा कळली. पहिल्या सकाळी सासूबाई खोलीचे दार लोटून आत गेल्या. मी बाहेर उभी राहून वाट पाहत होते, हाक येईल म्हणून. हाक आली नाही. बऱ्याच वेळाने परकरावर टॉप घालून त्या बाहेर आल्या आणि चहा झाला का म्हणून विचारू लागल्या.

खांदा पुढे वर्षभराने मोकळा झाला, पोलकी पुन्हा कपाटातून निघाली, तरी घरी टॉप राहिलाच. दुसरा शिवताना त्यांनी खिसा मागितला, डाव्या बाजूस आणि कमरेच्या खाली, चष्मा राहील एवढा. होजिअरीवर नुसता खिसा लावला तर चष्म्याच्या वजनाने सगळी बाजू खाली लोंबते. म्हणून खिशाच्या मागे टॉपच्या आतून जुन्या धोतराचा मऊ तुकडा लावला, खिशाच्या तोंडाला फीत शिवली आणि तिन्ही बाजूंनी पायमशीनवर टीप घातली. मागे सुती कापडाचा आधार असल्याने तेथे सरळ टीप चालते. पुढील लेखात मुलांच्या शाळेच्या दप्तराच्या पट्ट्या मजबूत कशा कराव्या ते पाहू.